बेगमी कोणी करायची? : ब्रिटिश गॅसच्या खासगीकरणाची चाळीस वर्षे

(अभ्यासवर्गातील व्याख्यानाचे शब्दांकन)



१९८६ सालच्या हिवाळ्याच्या तोंडावर ब्रिटनच्या दूरचित्रवाणीवर एक जाहिरात सतत झळकत असे. साधीसुधी माणसे एकमेकांना एकच निरोप देताना दिसत : सिड भेटला, तर त्याला सांगा. हा सिड म्हणजे शेजारीपाजारी राहणारा कोणीही सामान्य माणूस. निरोप असा, की देशाच्या घराघरांत गॅस पुरवणाऱ्या 'ब्रिटिश गॅस' या सरकारी उपक्रमाचे समभाग विक्रीस येत आहेत, सिडने संधी दवडू नये. चाळीस लाखांहून अधिक लोकांनी ती दवडली नाही. सरकारच्या तिजोरीत सुमारे ५४० कोटी पौंड जमा झाले. त्या काळापर्यंत जगातील एवढी मोठी समभागविक्री क्वचितच झाली असेल.

टीकाकारांनी त्याच वेळी एक खवचट प्रश्न विचारला होता. सार्वजनिक उपक्रम हा जनतेचा असतो असे मानले, तर सिडला त्याच्याच मालकीची वस्तू पैसे घेऊन विकली जात नव्हती काय?

खासगीकरणाचा विषय निघाला की आपल्याकडे तत्काळ दोन तट पडतात. सरकारी म्हणजे ढिलाई आणि खासगी म्हणजे कार्यक्षमता, असे एक तट म्हणतो. खासगी म्हणजे लूट आणि सरकारी म्हणजे लोककल्याण, असे दुसरा म्हणतो. ब्रिटनच्या गॅस उद्योगाची कहाणी अभ्यासण्याजोगी आहे ती यासाठी, की दोन्ही तटांची जवळजवळ सर्व विधाने तेथे प्रत्यक्षात तपासून झाली आहेत. आता आपल्याही शहरांत सिलिंडरची जागा नळाचा गॅस घेऊ लागला असताना, ज्या घरात ही गोष्ट आधी घडली त्या घराकडे पाहणे उपयोगाचे ठरेल.

थोडे मागे गेले पाहिजे. लंडनमध्ये १८१२ साली स्थापन झालेल्या 'गॅस लाइट अँड कोक कंपनी'पासून ब्रिटनमधील गॅस पुरवठ्याला आरंभ झाला. हा गॅस जमिनीतून येत नसे. दगडी कोळसा बंद भट्टीत तापवून तो तयार करावा लागे. प्रत्येक गावाची आपली भट्टी, आपली टाकी आणि आपली कंपनी. मुंबईच्या रस्त्यांवर १८६५ साली दिवे लागले तेही याच प्रकारच्या गॅसचे. लालबागला 'गॅस कंपनी' हे नाव त्या काळाची खूण म्हणून अजून ऐकू येते. दुसरे महायुद्ध संपले तेव्हा ब्रिटनमध्ये असे हजाराहून अधिक उपक्रम होते. काही नगरपालिकांचे, बहुसंख्य खासगी. त्यांतील कित्येक इतके लहान, की नवी यंत्रसामग्री घेण्याची त्यांची ऐपतच नव्हती.

या उद्योगाचे राष्ट्रीयीकरण ॲटली यांच्या मजूर सरकारने केले, १ मे १९४९ रोजी. परंतु ते केवळ समाजवादी आग्रहातून झाले असे मानणे चूक ठरेल. युद्धकाळातील संमिश्र सरकारने जेफ्री हेवर्थ यांची समिती नेमली होती. हेवर्थ हे युनिलिव्हरसारख्या बड्या खासगी उद्योगातील धुरीण. समाजवादाशी त्यांचा दुरान्वयानेही संबंध नव्हता. त्यांनीच १९४५ साली असा निष्कर्ष काढला, की हे तुकडे एकत्र आणून मोठी प्रादेशिक मंडळे निर्माण केल्याशिवाय उद्योगाला भवितव्य नाही. कायद्याने बारा मंडळे स्थापन झाली. म्हणजे वास्तविक पाहता राष्ट्रीयीकरणामागे तत्त्वज्ञानापेक्षा व्यवहार अधिक होता. पुढे खासगीकरणाच्या वेळी हे प्रमाण उलटले, असे म्हणण्यास जागा आहे.

पहिली काही वर्षे यथातथाच गेली. कोळसा महाग होत होता, विजेची स्पर्धा वाढत होती आणि गॅस हा अस्तास चाललेला उद्योग आहे असे जाणकारही म्हणू लागले होते. चित्र पालटले ते समुद्रामुळे. १९५९ साली 'मिथेन पायोनियर' नावाचे जहाज अमेरिकेतून अतिशीत करून द्रवरूप केलेला नैसर्गिक वायू घेऊन टेम्सच्या मुखाजवळील कॅन्व्ही बेटावर आले. अशा प्रकारे द्रवरूप वायूने महासागर ओलांडण्याची ती जगातील पहिलीच वेळ. त्या जहाजावरील तंत्रज्ञांत पस्तिशीतला एक अभियंता होता, डेनिस रूक. हे नाव लक्षात ठेवावे. या कहाणीत ते पुन्हा येणार आहे. १९६४ पासून अल्जीरियाचा वायू नियमित येऊ लागला. आणि १९६५ साली ब्रिटनच्या स्वतःच्या उत्तर समुद्रातच वायू सापडला. त्या शोधाची किंमतही मोजावी लागली. ज्या 'सी जेम' फलाटाने तो वायू शोधला, तोच त्या वर्षीच्या डिसेंबरात कोसळला आणि तेरा जण मृत्युमुखी पडले.

आता अडचण अशी, की नैसर्गिक वायू जुन्या शेगड्यांत चालत नाही. कोळशाच्या गॅसच्या जवळजवळ दुप्पट उष्णता त्यात असते. ज्योतीचा वेग निराळा, हवेचे प्रमाण निराळे. जुन्या शेगडीत तो सोडला तर ज्योत उडते किंवा काजळी धरते. म्हणजे देशातील प्रत्येक शेगडी, प्रत्येक बंब, प्रत्येक उबेचे यंत्र बदलणे वा दुरुस्त करणे आले. १९६७ ते १९७७ या दहा वर्षांत हे काम झाले. सुमारे १ कोटी ३० लाख ग्राहक आणि त्यांची काही कोटी उपकरणे! एकेक वस्ती निवडायची, तिचा गॅस बंद करायचा, घरोघर माणसे पाठवायची, प्रत्येक ज्योत तपासायची आणि मगच पुढच्या वस्तीला हात घालायचा. वृद्ध विधवेच्या घरातली तीस वर्षांची शेगडीही सुटली नाही. जुन्या गॅसमध्ये कार्बन मोनॉक्साइड हा विषारी वायू असे; तो घरांतून हद्दपार झाला आणि त्यामुळे वाचलेल्या जिवांची नोंद वैद्यकशास्त्राने घेतली आहे.

हे काम पन्नास कंपन्यांनी मिळून केले असते का? कदाचित केलेही असते. पण ज्या वस्तीत नफा नाही तेथे कोण गेले असते, हा प्रश्न राहतोच. ज्या संस्थेवर संपूर्ण देशाची जबाबदारी होती, तिला 'हे घर आमच्याकडे येत नाही' असे म्हणण्याची सोय नव्हती.

१९७३ साली बारा मंडळे विलीन होऊन 'ब्रिटिश गॅस कॉर्पोरेशन' अस्तित्वात आले. १९७६ मध्ये डेनिस रूक तिचे अध्यक्ष झाले. समुद्रातून निघणारा वायू विकत घेण्याचा जवळजवळ एकाधिकार कॉर्पोरेशनकडे होता आणि रूक हे सौदा करण्यात कठोर होते. तेल कंपन्यांकडून त्यांनी दीर्घ मुदतीच्या करारांनी स्वस्तात वायू मिळवला. या नाण्याला दुसरी बाजू आहे, ती झाकता कामा नये. भाव पाडून मिळाल्याने नवे साठे शोधण्याचा तेल कंपन्यांचा उत्साह ओसरला, अशी तक्रार होती आणि ती निराधार नव्हती. गॅसची उपकरणे विकणारी दुकानेही कॉर्पोरेशनचीच, दुरुस्तीचा माणूसही कॉर्पोरेशनचाच. तो सांगेल त्या दिवशी सुट्टी काढून घरी थांबावे लागे. मक्तेदारीचा तोरा ज्यांनी आपल्याकडे टेलिफोनसाठी वर्षानुवर्षे वाट पाहून अनुभवला आहे, त्यांना हे अधिक सांगणे नलगे.

आणि सरकारचे काय? मालक म्हणून सरकार ग्राहकाचे हित पाहते, ही समजूत येथे पार उघडी पडली. घरगुती गॅसचे दर सलग तीन वर्षे महागाईपेक्षा दहा टक्के अधिक वाढवावेत, असा निर्णय १९८० साली थॅचर सरकारने घेतला. पुढच्याच वर्षी कॉर्पोरेशनच्या स्वस्त वायूवर खास कर बसवला. म्हणजे सार्वजनिक उपक्रमाला सरकारने दुभत्या गाईसारखे पिळले. धारेखाली भांडे अर्थखात्याचे होते आणि वैरण घालत होता गिऱ्हाईक. खासगीकरणाचा विरोध करणाऱ्यांनी हा भाग वगळून इतिहास सांगू नये.

मार्गारेट थॅचर १९७९ मध्ये सत्तेवर आल्या. त्यांचे ऊर्जामंत्री नायजेल लॉसन यांना कॉर्पोरेशनची मक्तेदारी मोडायची होती. १९८२ च्या कायद्याने तिची तेलक्षेत्रे काढून घेण्यात आली आणि इतरांनाही तिच्या वाहिन्यांतून गॅस नेण्याची मुभा मिळाली. रूक यांनी प्रत्येक पावलाला विरोध केला. सरकारने नेमलेला अध्यक्ष सरकारशीच झुंजतो आहे, असे दृश्य लंडनने काही वर्षे पाहिले. लॉसन यांच्यानंतर आलेले पीटर वॉकर यांनी तडजोड केली. उपक्रम विकायचा, पण तुकडे न करता, अखंड. रूक यांना संस्था शाबूत हवी होती, मंत्र्यांना विक्री लवकर उरकायची होती आणि अर्थखात्याला पैसे हवे होते. अखंड मक्तेदारीला भावही चांगला येतो. तिघांचेही साधले. स्पर्धेचे काय, हा प्रश्न ज्याच्या नावाने हा सारा खटाटोप चालला होता त्या ग्राहकाच्या वतीने फारसा कोणी विचारला नाही. डिसेंबर १९८६ मध्ये १३५ पेन्सला एक या भावाने, तीन हप्त्यांत पैसे भरण्याच्या सवलतीने समभाग विकले गेले.

या काळात सर्वांत मार्मिक बोलले ते थॅचर यांच्याच पक्षाचे नव्वदी पार केलेले माजी पंतप्रधान हॅरॉल्ड मॅकमिलन. खानदानी घराण्यावर वाईट दिवस आले की आधी चांदीची भांडी विकली जातात, अशा आशयाची उपमा त्यांनी दिली आणि ती गाजली. पण नंतर त्यांनी केलेला खुलासा अधिक महत्त्वाचा असून तो फारसा सांगितला जात नाही. त्यांचा खासगी व्यवस्थापनाला विरोध नव्हता. भांडवल विकून आलेला पैसा रोजच्या उत्पन्नासारखा खर्च करू नये, एवढेच त्यांचे म्हणणे होते. आपल्याकडे कोणत्याही गृहिणीला हे समजावून सांगावे लागत नाही. पाटल्या मोडून जमीन घेणे वेगळे आणि पाटल्या मोडून वाण्याची उधारी भागवणे वेगळे.

अखंड मक्तेदारी खासगी झाल्यावर तिला वेसण घालण्यासाठी 'ऑफगॅस' नावाचे नियामक कार्यालय स्थापन झाले. सूत्र साधे होते : घरगुती ग्राहकाच्या दरातील जो भाग कंपनीच्या हाती आहे, तो वर्षाला महागाईच्या दरातून दोन टक्के वजा करून उरेल तेवढाच वाढावा. गॅसच्या खरेदीची किंमत मात्र पुढे ढकलता येई. पहिले नियामक जेम्स मॅकिनन हे हिशेबतपासनीस वृत्तीचे गृहस्थ. त्यांचे कार्यालय चिमुकले आणि समोर ही महाकाय कंपनी, तरीही ते कंपनीला पुरून उरले. उद्योगांना लावल्या जाणाऱ्या दरांत पक्षपात होत असल्याचे मक्तेदारी आयोगाने १९८८ मध्ये दाखवून दिले आणि नव्या साठ्यांतील काही वायू इतरांसाठी सोडण्यास कंपनीला भाग पडले. १९९३ साली आयोगाने कंपनीचे दोन भाग करण्याची शिफारस केली. मंत्री मायकेल हेसल्टाइन यांनी ती सक्ती फेटाळली. मात्र घरगुती बाजार स्पर्धेला अपेक्षेपेक्षा लवकर खुला करण्याचे ठरवले.

याच सुमारास कंपनीने लोकांची उरलीसुरली सहानुभूतीही घालवली. हजारो नोकऱ्या कमी केल्या जात असताना मुख्याधिकारी सेड्रिक ब्राऊन यांचे वेतन तब्बल ७५ टक्क्यांनी वाढून ४ लाख ७५ हजार पौंडांवर गेले. १९९५ च्या वार्षिक सभेच्या बाहेर निदर्शकांनी चक्क एक डुक्कर आणून उभे केले आणि त्याचे नाव 'सेड्रिक' ठेवले. अशा निदर्शनांच्या अभिरुचीबद्दल मतभेद होतील. परंतु सिडच्या नावाने सुरू झालेली कहाणी नऊ वर्षांत सेड्रिकच्या नावापर्यंत येऊन पोहोचली, हे ब्रिटिश विनोदबुद्धीच्या नजरेतून सुटले नाही.

१९९५ चा नवा कायदा आला. एप्रिल १९९६ मध्ये इंग्लंडच्या नैर्ऋत्य कोपऱ्यात प्रयोग सुरू झाला आणि मे १९९८ पर्यंत देशातील प्रत्येक घराला आपला गॅस पुरवठादार निवडण्याची मोकळीक मिळाली. वाहिनी तीच, ज्योत तीच, मीटर तोच. बिलावरचे नाव तेवढे निराळे. दरम्यान कंपनीपुढे नवे संकट उभे राहिले होते. मक्तेदारीच्या काळात तिने तेल कंपन्यांशी 'माल घ्या अथवा पैसे मोजा' असे दीर्घ करार केले होते. स्पर्धेत ग्राहक गेले, बाजारभाव कोसळला, करारातला चढा भाव मात्र मानगुटीवर राहिला. त्या ओझ्याखाली बुडण्यापेक्षा कंपनीने स्वतःच विभाजन पत्करले. फेब्रुवारी १९९७ मध्ये विक्री आणि सेवा 'सेंट्रिका'कडे गेल्या. वाहिन्या, साठवण आणि परदेशांतील व्यवसाय 'बीजी' कंपनीकडे राहिला. जे एकसंध ठेवण्यासाठी रूक आयुष्यभर झगडले, ते सरकारच्या आज्ञेने नव्हे तर ताळेबंदाच्या रेट्याने मोडले.

या स्पर्धेचा लाभ झाला का? झाला, हे प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे. नव्वदीच्या उत्तरार्धात दर खऱ्या अर्थाने उतरले. लक्षावधी कुटुंबांनी पुरवठादार बदलून पैसे वाचवले. दारोदार हिंडणाऱ्या विक्रेत्यांनी भोळ्या ग्राहकांच्या फसवून सह्या घेतल्याच्या तक्रारी झाल्या. तरीही एकंदर पारडे ग्राहकाच्या बाजूने झुकले होते. कारखान्यांना तर अधिकच फायदा झाला. युरोपातील अनेक देश आणि आपणही नियामक मंडळांची घडण करताना ब्रिटनकडे पाहिले, ते उगाच नव्हे.

मग बिघडले कोठे?

यॉर्कशायरच्या किनाऱ्यापासून थोड्या अंतरावर समुद्रतळाखाली 'रफ' नावाचे एक रिकामे होत आलेले वायुक्षेत्र आहे. कॉर्पोरेशनने १९८० साली ते विकत घेतले आणि १९८५ मध्ये त्याचे कोठार केले. उन्हाळ्यात मागणी कमी असते तेव्हा वायू खाली दाबून भरायचा आणि कडाक्याच्या थंडीत वर काढायचा. कोकणात पावसाळ्यापूर्वी लाकूडफाटा, सुकी मासळी, डाळतांदूळ भरून ठेवतात तशी ही देशाची बेगमी. ब्रिटनच्या एकंदर साठवणक्षमतेपैकी सुमारे ७० टक्के एकट्या 'रफ'मध्ये होती. कॉर्पोरेशनने ती उभारली, कारण भर जानेवारीत एखाद्या शहराचा गॅस गेला असता तर जाब विचारायला देशाला एकच दार होते.

विभाजनानंतर ते दार कोणते? वाहिन्यांची कंपनी म्हणे, आमचे काम वाहून नेण्याचे. विक्रेता म्हणे, आम्ही बाजारातून घेतो आणि विकतो. नियामक म्हणे, आमचे काम स्पर्धा आणि दर पाहण्याचे. सरकार म्हणे, बाजार पाहून घेईल. यांपैकी कोणीही खोटे बोलत नव्हते, आणि ही गोष्ट खरी येथेच अवघड होते. 'रफ' १९९७ नंतर बीजीकडे राहिले, २००१ मध्ये 'डायनेजी' या अमेरिकी कंपनीला विकले गेले, २००२ मध्ये सेंट्रिकाने घेतले. २००४ साली ब्रिटन वायूचा निव्वळ आयातदार बनला. म्हणजे बेगमीची गरज वाढू लागली ती नेमकी तेव्हापासून. फेब्रुवारी २००६ मध्ये 'रफ'वर आग लागली, ते बंद पडले आणि पुढच्या महिन्यात घाऊक भाव भडकले. इशारा याहून स्पष्ट असू शकत नाही.

पण साठवणीचे अर्थशास्त्र निराळेच सांगत होते. खासगी कोठारवाल्याला नफा मिळतो तो उन्हाळ्याचा भाव आणि हिवाळ्याचा भाव यांतील फरकातून. नॉर्वेहून आलेली नवी वाहिनी, बेल्जियमशी १९९८ मध्ये जोडलेली वाहिनी आणि द्रवरूप वायूची नवी बंदरे यांमुळे तो फरक आटत गेला. जुन्या विहिरींची डागडुजी महाग. सरकारने काही अर्थसाह्य द्यावे की नाही, याचा विचार झाला आणि २०१३ साली सरकारने नकार दिला. २०१७ मध्ये सेंट्रिकाने 'रफ' कायमचे बंद करण्याची घोषणा केली. भागधारकांच्या पैशाचे विश्वस्त या नात्याने संचालकांचा निर्णय योग्यच होता. धान्याचा व्यापारी कोठार चालवतो तेव्हा तोटा दिसताच ते बंद करणे हा त्याचा धर्म आहे. दुष्काळासाठी तोटा सोसून धान्य ठेवणे हा राजाचा.

पुढची चार वर्षे हिवाळे बरे गेले. मग २०२१ च्या शरद ऋतूत जगभर वायूचे भाव चढले. ब्रिटनच्या पुरवठादारांत आता बड्या कंपन्यांच्या जोडीला असंख्य छोट्या कंपन्या होत्या. काहींकडे संगणक, दूरध्वनी आणि आकर्षक जाहिरात यापलीकडे फारसे भांडवल नव्हते. आज स्वस्तात विकायचे आणि उद्याचा माल उद्याच्या बाजारात घ्यायचा, अशी त्यांची रीत. ग्राहकाचे दर २०१९ पासून नियामकाच्या कमाल मर्यादेने बांधलेले. खरेदीचा भाव त्याच्या वर गेला. वर्षभरात सुमारे तीस कंपन्या बुडाल्या. त्यांतील 'बल्ब' ही सुमारे १७ लाख घरांना वीज-गॅस पुरवणारी कंपनी इतकी मोठी होती, की ती सरकारला आपल्या खर्चाने चालवावी लागली. बुडालेल्यांचे ग्राहक इतरांकडे वळवण्याचा खर्च शेवटी देशातील प्रत्येक कुटुंबाच्या बिलात विभागून आला. ज्यांनी कधीच पुरवठादार बदलला नव्हता, त्यांच्याही!

फेब्रुवारी २०२२ मध्ये रशियाने युक्रेनवर आक्रमण केले. सर्वसाधारण घराच्या वीज आणि गॅसच्या वार्षिक बिलाची नियामकीय मर्यादा ऑक्टोबर २०२० मध्ये १,०४२ पौंड होती. ऑक्टोबर २०२२ साठी ती ३,५४९ पौंडांवर जाणार असे जाहीर झाले. म्हातारी माणसे उबेचे यंत्र लावावे की जेवण शिजवावे याचा हिशेब करू लागली. अखेर ज्या पक्षाने ब्रिटिश गॅस विकला होता त्याच पक्षाच्या सरकारने सर्वसाधारण बिल २,५०० पौंडांच्या आसपास राहील अशी हमी दिली आणि फरक तिजोरीतून भरला. त्याच ऑक्टोबरात पाच वर्षांपूर्वी बंद झालेले 'रफ' पूर्वीच्या क्षमतेच्या सुमारे एकपंचमांशावर पुन्हा उघडण्यात आले. जर्मनी आणि फ्रान्सकडे कित्येक आठवड्यांचा साठा होता. ब्रिटनकडे काही दिवसांचा. येथे एक पथ्य पाळले पाहिजे. भाव जगभर चढले होते आणि मोठे कोठार असते म्हणून ब्रिटनचे बिल जुन्या दराने आले नसते. धक्का मात्र थोडा सौम्य झाला असता आणि सावरायला अवधी मिळाला असता.

आणि सिडचे समभाग? अनेकांनी ते अल्पावधीतच विकून चार पैसे मिळवले. वाहिन्यांचे जाळे पुढे हात बदलत गेले. २००५ मध्ये त्यातील चार विभाग विकले गेले. खरेदीदारांत हाँगकाँगचे उद्योगसमूह होते, तसा कॅनडातील ऑन्टारियोच्या शिक्षकांचा निवृत्तिवेतन निधीही होता. २०१७ मध्ये उरलेल्या स्थानिक वाहिन्यांचा बहुतांश हिस्सा ज्या गटाकडे गेला, त्यात कतार आणि चीन यांचे सरकारी गुंतवणूक निधी होते. ब्रिटिश सरकारने गॅसच्या वाहिन्या बाळगू नयेत हे ठरले. परक्या सरकारांनी त्यात भागीदार व्हावे, याला मात्र हरकत नव्हती.

या कहाणीचा एक धागा थेट मुंबईत येतो. घरी तुकडे होत असताना ब्रिटिश गॅस बाहेर पाय पसरत होती. १९९५ साली 'गेल'शी भागीदारी करून तिने 'महानगर गॅस' स्थापन केली. महाराष्ट्र शासनाचाही त्यात वाटा होता. मुंबईतील हजारो स्वयंपाकघरांत नळाने गॅस आला आणि रिक्षा-टॅक्सींचा धूर कमी झाला, यात तिच्या तांत्रिक अनुभवाचा वाटा नाकारता येत नाही. गुजरात गॅसही तिच्याकडे होती. मुंबईच्या समुद्रातील पन्ना-मुक्ता व ताप्ती क्षेत्रांत तिचा ३० टक्के हिस्सा होता. २०१३ मध्ये गुजरात गॅसमधून ती बाहेर पडली. २०१६ मध्ये बीजीच शेल कंपनीत विलीन झाली आणि २०१९ मध्ये शेलने महानगर गॅसमधील उरलेला हिस्सा विकून टाकला. चोवीस वर्षांचे नाते संपले. वाहिन्या येथेच राहिल्या, कारण त्या जमिनीत पुरलेल्या आहेत.

आपल्याकडे २००६ च्या कायद्याने पेट्रोलियम व नैसर्गिक वायू नियामक मंडळ आले. शहरोशहरी परवाने दिले गेले आणि 'गेल'चे वाहतूक व विक्री असे दोन भाग करावेत, हा विचार दिल्लीत वारंवार डोके वर काढतो. करावेत की नाही यावर जाणकारांत मतभेद आहेत आणि दोन्ही बाजूंचे युक्तिवाद दखल घेण्याजोगे आहेत. परंतु चर्चा बहुधा मालकी आणि दर यांपाशीच थांबते. देशाला लागणाऱ्या वायूपैकी जवळपास निम्मा जहाजांतून येतो. कच्च्या तेलासाठी विशाखापट्टणम्, मंगळुरू आणि पाडूर येथे भूमिगत साठे उभे राहिले; नैसर्गिक वायूसाठी तसे कोठार आपल्याकडे नाही. २०२२ मध्ये 'गाझप्रॉम'च्या पूर्वीच्या उपकंपनीने 'गेल'ला ठरलेली जहाजे पाठवली नाहीत, तेव्हा खत कारखान्यांचा पुरवठा कापावा लागला होता. गॅस कोणी विकावा हे ठरवताना, जहाज आले नाही तर कोणी द्यावा, हेही कोणाच्या तरी नावावर लिहिले गेले पाहिजे.

डेनिस रूक २००८ मध्ये वारले. 'रफ'ची आग त्यांनी पाहिली, त्याचे बंद होणे पाहिले नाही. त्यांच्या निधनानंतर सोळा वर्षांनी, ऑक्टोबर २०२४ मध्ये, ब्रिटिश सरकारने ६३ कोटी पौंड मोजून देशाच्या वीजव्यवस्थेचे संचालन करणारी संस्था खासगी कंपनीकडून विकत घेतली आणि तिला नवे नाव दिले, 'राष्ट्रीय ऊर्जा प्रणाली संचालक'. तिच्याकडे वाहिन्या नाहीत, कोठार नाही, एकही ग्राहक नाही. मात्र वीज आणि गॅस या दोहोंचा एकत्र विचार करून पुढच्या हिवाळ्यांसाठी देशाचे नियोजन करण्याचे काम कायद्याने तिच्यावर सोपवलेले आहे.